ऑक्सिडेशन की रिडक्शन? बंगालच्या हापशांची न संपलेली गोष्ट

पोस्ट मोठी आहे. पण तुकडे केले तर मुद्दा हरवतो, म्हणून एकदमच टाकतोय. सावकाश वाचा.

"बोअरचं पाणी आहे, एकदम शुद्ध!" हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत कुठेही ऐकू येतं. पाणी नितळ दिसलं, वास आला नाही, पोट बिघडलं नाही, की आपण ते चांगलं ठरवून मोकळे होतो. याच तीन कसोट्यांवर एका अख्ख्या देशाने आपलं पिण्याचं पाणी बदललं. पोटं बिघडायची खरोखरच कमी झाली. आणि मग दहा-पंधरा वर्षांनी माणसांच्या तळहातांवर चामखिळीसारख्या गाठी यायला लागल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हा धडा मुलं समीकरणाचा तोल साधण्यापुरता पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण हाच धडा बंगालच्या मातीत, कोट्यवधी माणसांच्या पायाखाली घडला. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, तो नेमका कोणत्या दिशेने घडला, ऑक्सिडेशन की रिडक्शन, यावर दोष कुणाच्या माथी मारायचा हेही ठरणार होतं. रसायनशास्त्रातला वाद इतका राजकीय क्वचितच होतो. म्हणून ही गोष्ट.

हापसा आला तो जीव वाचवायलाच

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बांगलादेशात हापसे बसवणं हा मूर्खपणा नव्हता.

पूर्व बंगालात लोक परंपरेने तळ्याचं, नदीचं, उथळ विहिरीचं पाणी पीत. त्याच तळ्यात आंघोळ, तिथेच भांडी, तिथेच गुरं. पावसाळ्यात सगळंच एक होऊन जायचं. कॉलरा आणि हगवण हे तिथल्या आयुष्याचा भागच होते. १९७० चं भीषण चक्रीवादळ, त्यामागोमाग १९७१ चं युद्ध आणि निर्वासितांचे लोंढे. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे पाजून हजारोंना वाचवलं ते याच काळात. अशा देशात पाणी जंतूंपासून तोडणं याला पहिला क्रमांक मिळणारच.

युनिसेफ आणि बांगलादेश सरकारने उत्तर काढलं ते उथळ कूपनलिकेचं. आपल्याकडे बोअर म्हटलं की काळ्या पाषाणात ड्रिल घालणारी मोठी गाडी आली. आपल्या दुष्काळी भागातल्या कठीण खडकानेच 'सोलापूर पंप' जन्माला घातला आणि त्याच धर्तीवर पुढे 'इंडिया मार्क टू' हा हापसा देशभर गेला. बंगालात खडकच नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ आणि वाळू. तिथे बांबूचा सांगाडा उभा करायचा, लोखंडी नळी खालीवर आपटायची, एकाने वरचं तोंड तळहाताने उघडझाप करायचं. तीन-चार माणसं एका दिवसात पंधरा-वीस ते पन्नास मीटर खोल जातात. खर्च इतका कमी की सरकारने सुरुवात करून दिली आणि पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने अंगणात हापसे बसवले. थोड्याच वर्षांत सरकारीपेक्षा खासगी हापसे कितीतरी जास्त झाले. मुलीच्या सासरी हापसा आहे का, हे विचारण्याजोगं झालं.

परिणाम दिसला. १९६० मध्ये हजारी १५१ असलेला बालमृत्यूचा आकडा १९९६ मध्ये ८३ वर आला. सगळं श्रेय पाण्याचं नाही. लसीकरण, जलसंजीवनी, शिक्षण हे सगळं त्यात आहे. पण हापशाचा वाटा कुणी नाकारत नाही. १९९७ मध्ये युनिसेफने सांगितलं की २००० सालापर्यंत ८० टक्के लोकांना सुरक्षित पाणी देण्याचं लक्ष्य आधीच पार झालं.

'सुरक्षित' म्हणजे काय, तर जंतू नसलेलं. ही व्याख्या लक्षात ठेवा.

कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ

१९८३. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतून काही रुग्ण आले. छातीवर-पाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे गडद आणि फिकट ठिपके. तळहात, तळपाय जाड, खरखरीत, गाठाळलेले. गावात लोक याला महारोग समजत होते. काहींना वाळीत टाकलं होतं, लग्नं मोडत होती, नांदत्या सुनांना माहेरी पाठवलं जात होतं.

साहांनी ओळखलं की ही आर्सेनिकची विषबाधा आहे. आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला सोमल ज्यापासून बनतो ते मूलद्रव्य. कादंबरीत दुधातून देतात ते. पण इथे कुणी कुणाला काही देत नव्हतं. पाणी तपासलं तेव्हा ते हापशातून येतंय असं निघालं.

१९८४ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. १९८७ पर्यंत साहांच्या रुग्णांमध्ये सीमेपलीकडचे, बांगलादेशातले लोक दिसायला लागले होते. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती गावोगाव फिरून पाणी, केस, नखं, लघवी यांचे नमुने गोळा करत राहिले आणि जमेल तिथे ओरडून सांगत राहिले. दोन्हीकडे भूगर्भ एकच, नद्या त्याच, गाळ तोच. गाळाला काही पासपोर्ट लागत नाही. तरीही बांगलादेशात सरकारी पातळीवर पहिल्यांदा हापशात आर्सेनिक असल्याचं निश्चित झालं ते १९९३ मध्ये, चपाई नवाबगंज जिल्ह्यात. १९९५ मध्ये कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा कुठे जगाने मान वळवली.

१९८३ ते १९९३. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत नवे हापसे बसतच होते.

मग आर्सेनिक आलं कुठून?

इथे खरा वाद सुरू होतो.

तिथे आर्सेनिकची खाण नाही. या पट्ट्यातल्या गावांत विष सोडणारा कारखाना नाही. गाळात आर्सेनिक आहे, पण किती? किलोला काही मिलिग्रॅम. जगातल्या कुठल्याही सामान्य चिखलात असतं तेवढंच. मग ते पाण्यात एवढं कसं उतरलं?

पहिलं उत्तर होतं ऑक्सिडेशनचं. मांडणी अशी: हरित क्रांतीनंतर हिवाळी भातासाठी, ज्याला तिकडे 'बोरो' म्हणतात, लाखो पंप भूजल उपसायला लागले. पाण्याची पातळी उतरली. जी वाळू कायम पाण्यात बुडलेली होती तिच्यात हवा शिरली. तिथल्या पायराइटचं, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचं, ऑक्सिडीकरण झालं आणि त्यात अडकलेलं आर्सेनिक सुटलं. काही जण यात फराक्का धरणही जोडायचे. भारताने गंगेचं पाणी अडवलं, म्हणून बांगलादेशातली भूजल पातळी खाली गेली, म्हणून विष.

हे उत्तर खरं असेल तर दोषी कोण? उपसा करणारा शेतकरी, त्याला पंप देणारं धोरण, आणि हवा असेल तर शेजारचा देश. आणि उपायही सरळ. उपसा थांबवा.

दुसरं उत्तर बरोब्बर उलटं होतं. रिडक्शनचं. हवा शिरल्यामुळे नाही, तर हवा शिरतच नसल्यामुळे आर्सेनिक सुटतंय.

भातखाचराच्या बांधाखालचा तवंग

हे समजायला बंगालला जायची गरज नाही. कोकणात किंवा मावळात पावसाळ्याच्या शेवटी भातखाचराच्या बांधाखाली बघा. पाणी जिथून झिरपतं तिथे तांबूस, लिबलिबीत थर बसलेला असतो आणि वर इंद्रधनुषी तवंग. लोकांना वाटतं डिझेल सांडलंय. काडी लावून पाहा. तेल असेल तर तवंग परत जुळतो. इथे तो पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. ते तेल नाही, लोखंड आहे.

होतं काय? आपली जांभ्याची माती लाल आहे ती गंजलेल्या लोखंडामुळे. हे लोखंड पाण्यात विरघळत नाही. पण तीच माती खाचरात महिनाभर पाण्याखाली राहिली की करडी, निळसर होते. कारण मातीतल्या जीवाणूंना श्वास घ्यायचा असतो. अन्न म्हणजे कुजणारा पालापाचोळा. तो जाळायला आधी ते ऑक्सिजन वापरतात. भिजलेल्या चिखलात ऑक्सिजन काही वेळात संपतो, कारण पाण्यातून तो फार हळू झिरपतो. मग जीवाणू पुढच्या पायरीवर जातात आणि नायट्रेट वापरतात. ते संपलं की मँगनीज. त्यानंतर लोखंडाचा गंज. त्यानंतर सल्फेट, आणि तेव्हाच शहरातल्या नाल्याच्या काळ्या गाळाला येतो तो सडक्या अंड्याचा वास येतो. शेवटची पायरी मिथेन, म्हणजे दलदलीतून वर येणारे बुडबुडे. साधारण याच क्रमाने, कारण प्रत्येक पायरीला मिळणारी ऊर्जा आधीच्या पायरीपेक्षा कमी. भुकेला माणूस आधी पोळी खातो, मग शिळी भाकरी, मग जे मिळेल ते.

लोखंडाच्या पायरीवर काय होतं ते महत्त्वाचं. जीवाणू गंजाला इलेक्ट्रॉन देतात. गंजाचं क्षपण होतं आणि न विरघळणारं लोखंड विरघळणारं बनतं. तेच पाणी बांधाखालून बाहेर आलं, त्याला हवा लागली, की लोखंड परत गंजतं आणि तांबडा थर बसतो. रिडक्शन आत, ऑक्सिडेशन बाहेर. शाळेतलं समीकरण ते हेच.

आता यात आर्सेनिक घाला. हिमालयातले खडक झिजून वाळू झाली तेव्हा वाळूच्या कणांवर गंजाचा पातळ लेप होता. गंजाला आर्सेनिक फार प्रिय. लोहचुंबकाला कीस चिकटावा तसं ते त्या लेपाला चिकटून, थोडं थोडं, बंगालपर्यंत आलं. गाळाखाली गाडलं गेलं. त्या गाळात कुजलेली झाडंझुडपंही होती, म्हणजे जीवाणूंचं अन्नही तिथेच. हवा बंद झाली. जीवाणू पायऱ्या उतरत लोखंडापर्यंत आले, लेप विरघळला, आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं झालं. कुणीही काही न करता, हजारो वर्षांपासून हे चालू होतं. फक्त तेव्हा त्या पाण्यात कुणी नळी घातलेली नव्हती.

पुरावा कुणाच्या बाजूने?

१९९८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात रॉस निक्सन आणि जॉन मॅकआर्थर यांनी, ढाका विद्यापीठाचे काझी मतीन अहमद आणि इतर सहकाऱ्यांसोबत, रिडक्शनची बाजू मांडली. त्याच्या थोडं आधी प्रोसून भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनीही तेच सुचवलं होतं. तर्क अगदी सरळ आहे आणि मला तो वर्गात सांगायला आवडतो.

पायराइटचं ऑक्सिडीकरण झालं असतं तर पाण्यात सल्फेट भरपूर हवं होतं. विषारी हापशांच्या पाण्यात ते फारच थोडं. उलट विरघळलेलं लोखंड भरपूर, बायकार्बोनेट भरपूर, अमोनियम आहे, नायट्रेट जवळपास नाही, कुठे कुठे मिथेनसुद्धा. म्हणजे पायऱ्या उतरल्याच्या सगळ्या खुणा हजर. दुसरं, हवा शिरून विष सुटलं असतं तर ते भूजलाच्या वरच्या थरात जास्त असायला हवं होतं, जिथे पातळी खालीवर होते. पण ते सापडतं पंधरा ते पन्नास मीटरच्या पट्ट्यात, जिथली वाळू कधीच कोरडी पडलेली नाही. तिसरं, ज्यांना हवा लागते अशा उघड्या, उथळ पातविहिरींच्या पाण्यात आर्सेनिक बहुधा कमी.

२००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या गटाने पश्चिम बंगालचा गाळ प्रयोगशाळेत हवाबंद करून जीवाणूंना अन्न दिलं आणि आर्सेनिक सुटताना प्रत्यक्ष दाखवलं.

म्हणजे मूळ वाद मिटला. रिडक्शन. पण लगेच पुढचा उभा राहिला: जीवाणूंचं अन्न येतं कुठून? गाळातल्या पीटमधून, म्हणजे गाडल्या गेलेल्या दलदलीतल्या वनस्पतींमधून? की माणसांनी खोदलेल्या तळ्यांमधून, भाताच्या खाचरांतून, आणि पंपांच्या ओढीने ते खाली जातंय? २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात चार्ल्स हार्वी आणि सहकाऱ्यांनी मुन्शीगंजच्या अभ्यासातून ही दुसरी शक्यता मांडली आणि उपसा करणारा पंप पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आला. या प्रश्नाला एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

मला या सगळ्यात जी गोष्ट अस्वस्थ करते ती अशी. हापशाचं पाणी जंतूमुक्त का होतं? कारण वाळूच्या थरांनी त्याला वरच्या घाणीपासून तोडलं होतं. आणि ते विषारी का होतं? कारण त्याच थरांनी त्याला वरच्या हवेपासूनही तोडलं होतं. ज्या गुणासाठी ते पाणी निवडलं, त्याच गुणात खोट होती. रोगजंतूंच्या चाचणीत हे कधीच दिसणार नव्हतं.

'निसर्गाने केलं' हे उत्तर कुणाच्या सोयीचं?

रिडक्शनचं उत्तर मान्य झालं तसं एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं: हे नैसर्गिक आहे. शेतकरी सुटला, ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर इतरही अनेक जण सुटले.

१९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या भूजलाच्या रसायनाचा एक अभ्यास केला. सुमारे दीडशे कूपनलिकांचं पाणी तपासलं. कितीतरी मूलद्रव्यं मोजली. आर्सेनिक मोजलं नाही. तेव्हा पश्चिम बंगालची बातमी छापून येऊन आठ वर्षं झाली होती.

पुढे ब्राह्मणबारिया जिल्ह्यातल्या एका गावकऱ्याने, शेकडो बाधितांच्या वतीने, ब्रिटनच्या न्यायालयात दावा लावला. म्हणणं साधं होतं: तुम्ही पाणी तपासलंत, अहवाल दिलात, तो वाचून सगळ्यांना वाटलं पाणी ठीक आहे. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. जुलै २००६ मध्ये लॉर्ड्सनी ते पूर्ण सुनावणीपर्यंतही जाऊ दिलं नाही. कारण दिलं ते असं की पाणीपुरवठ्यावर या संस्थेचं काही नियंत्रण नव्हतं, तिने पाणी पिण्यालायक आहे असा दाखला दिला नव्हता, आणि एका तांत्रिक अहवालापोटी अख्ख्या देशातल्या लोकांची जबाबदारी तिच्यावर येत नाही.

कायद्याच्या चौकटीत हे बसतही असेल. मी वकील नाही. पण सामान्य माणूस म्हणून मला दिसतं ते वेगळंच. सरकार म्हणालं तज्ज्ञांनी तपासलंय. तज्ज्ञ म्हणाले आम्हाला आर्सेनिक विचारलंच नव्हतं. देणगीदार म्हणाले आम्ही जंतूंसाठी आलो होतो. न विचारलेल्या प्रश्नाची जबाबदारी कुणाचीच नाही. 'निसर्गाने केलं' हे रसायनशास्त्राचं उत्तर आहे, प्रशासनाचं नाही. आर्सेनिक सोडलं जीवाणूंनी. दहा वर्षं न तपासता पाजलं माणसांनी.

लाल हापसा, हिरवा हापसा

१९९८-९९ मध्ये त्याच ब्रिटिश सर्व्हेने बांगलादेशच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याबरोबर देशभर मोजणी केली. ६४ पैकी ६१ जिल्हे, ३,५३४ कूपनलिका. निष्कर्ष: दीडशे मीटरपेक्षा उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांमध्ये आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे बांगलादेशच्या स्वतःच्या मर्यादेच्या वर. अंदाजे साडेतीन कोटी माणसं ते पाणी पीत होती. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे, आपलं भारतीय मानकही १० च. ती लावली तर आकडा ५ कोटी ७० लाखांवर जातो.

५० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे दोन टँकर घ्या आणि दोन्हींत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक टाका. एवढंच. चव नाही, रंग नाही, वास नाही.

२००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ॲलन स्मिथ यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं की ही इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा आहे, भोपाळ आणि चेर्नोबिलपेक्षाही मोठी. भोपाळ एका रात्रीत झालं, म्हणून आपल्याला तारीख पाठ आहे. ही विषबाधा घोटाघोटाने झाली, म्हणून तिला तारीख नाही. नारायणगंज जिल्ह्यातल्या अराईहजारमध्ये हजारो लोकांना वर्षानुवर्षं पाहणीखाली ठेवून केलेला अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या लोकांमधल्या साधारण पाचातल्या एका मृत्यूचा संबंध आर्सेनिकच्या पाण्याशी लागत होता. त्वचेवर दिसतं ते फक्त टोक. आत फुप्फुस, मूत्राशय, हृदय.

मग मोहीम निघाली. सुमारे ५० लाख हापसे साध्या किटने तपासले गेले. चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. सुमारे १४ लाख लाल निघाले. आणि इथे एक गोष्ट कळली जी मला फार मोलाची वाटते. एकाच वाडीत एक हापसा लाल आणि हाकेच्या अंतरावर दुसरा हिरवा. गाळ सगळीकडे सारखा नाही. हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा जी जमीन उघडी पडून गंजली, तिची वाळू आजही तांबूस-तपकिरी आहे आणि तिच्यातलं पाणी बहुधा सुरक्षित. नंतर भरलेली वाळू करडी, आणि धोका तिच्यातच. नळी उतरवणारे गवंडी-मिस्त्री हा रंगातला फरक आधीपासून ओळखत होते. ओट्यावर पडणारा डागही बोलतो. तांबडा डाग म्हणजे पाणी लोखंडाच्या पायरीपर्यंत उतरलंय, धोका जास्त. काळपट डाग म्हणजे मँगनीजच्या पायरीवर थांबलंय, धोका कमी. हे चाचणीला पर्याय नाहीत, पण चाचणी कुठे आधी करायची ते नक्की सांगतात.

सगळ्यात जास्त लोक वाचले ते महागड्या फिल्टरमुळे नाही. शेजारच्या हिरव्या हापशावर जायला लागल्यामुळे आणि दीडशे मीटरहून खोल विहिरींमुळे. फिल्टरही आले. त्यातला अबुल हुसम यांचा 'सोनो' तर लोखंडाच्या गंजानेच आर्सेनिक धरतो, म्हणजे जमिनीखाली उलगडलेली गाठ वर परत बांधतो. पण फिल्टरची निगा गरीब घराला वर्षानुवर्षं जमत नाही.

मग पुढे? हापशांवरचे रंग उडाले. लोकांनी नवे हापसे बसवले, ते कुणी तपासले नाहीत. २०१६ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने सांगितलं की अजूनही सुमारे दोन कोटी लोक मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक असलेलं पाणी पितायत, आणि सरकारी खोल विहिरी गरज असलेल्या वाडीत जाण्याऐवजी पुढाऱ्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या दारात जातायत. हे वाचून आपल्याला परकं काहीच वाटत नाही, नाही का?

आणि फक्त पाणीच नाही. त्याच पाण्यावर भात होतो. भरलेल्या खाचरात आर्सेनिकचंही क्षपण होतं, आणि त्या रूपात भाताचं मूळ ते सिलिकॉन समजून आत घेतं. जपानमधल्या जियान फेंग मा यांच्या गटाने २००८ मध्ये हा मार्ग दाखवून दिला.

आपल्याकडे काय?

बंगालसारखा करडा गाळ आपल्या दख्खनच्या पठाराखाली नाही. त्यामुळे घाबरवायला ही पोस्ट लिहिलेली नाही. गंगेच्या काठाने मात्र बिहार आणि उत्तर प्रदेशातही हीच गोष्ट निघाली, तिकडे आसामातही. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत विष वेगळं आहे, फ्लोराइड. ते गाळातून नाही, खडकातून येतं. पण कहाणीचा सांगाडा तोच: दुष्काळात बोअर मारली, पाणी नितळ लागलं, सगळे खूश, आणि काही वर्षांनी मुलांचे दात पिवळे-तपकिरी आणि मोठ्यांची हाडं वाकडी.

त्यामुळे माझं सांगणं एवढंच. ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत, सोसायटीत "पाण्याची तपासणी झाली" असं कुणी सांगितलं की तिथे थांबू नका. विचारा, कशाची तपासणी झाली? यादी दाखवा. जंतूंची झाली असेल तर फ्लोराइडची झाली का? नायट्रेटची? लोखंड-मँगनीजची? तारीख काय? नमुना टाकीतून घेतला की बोअरमधून? अहवालाची प्रत फलकावर लावा म्हणा. बांगलादेशात १९९२ मध्येही तपासणी झालीच होती. अहवाल व्यवस्थित बांधलेला होता. त्यात फक्त एक रकाना नव्हता.